माळावरचे सात लांडगे

मी सांगितलेलं नाही असं आमच्या तालुक्यात फारसं काही शिल्लक नाही. बोरीच्या बाजारात चहाच्या एका कपावर मी तुम्हाला विहिरीतून निघालेली रेल्वे सांगेन, आणि तुम्ही हसत हसत दुसरा कप मागवाल. पण हे — हे मात्र कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. दारू प्यालो तेव्हाही नाही. आणि दारू प्यालो की मी काय बोलायचं ठेवतो? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बसलोय. जरा हळू बोलतो. सवय नाही मला हळू बोलायची.

माझा धंदाच मोठ्यानं बोलायचा. लग्न, जयंती, सप्ताह, प्रचार — माइक माझा, कर्णे माझे, आणि बोलणाराही बहुतेक वेळा मीच. नवरदेव मांडवात पोचायच्या आत मी त्याला तीन जिल्ह्यांचा धनी करून टाकतो. त्याच्या घरी दोन शेळ्या असतात. लोक हसतात, सासरा हसतो, शेळ्याही हसत असतील. असल्या खोट्यानं कुणाचं काय जातं?

धंदा सुरू केला तेव्हा अशोक भागीदार होता. बोलणं माझं, वायरी त्याच्या. तो मशीनपाशी उभा राहायचा, आणि माझी थाप फार वर गेली की मागून गुपचूप आवाज बारीक करायचा. मी माइकवर फुंकर मारून मागं बघायचो, तर हा पठ्ठ्या आभाळाकडं बघत उभा.

अशोक मे महिन्यात गेला. माळावर, उन्हानं. हे सगळ्या बोरीला माहीत आहे. सोबत मी होतो, हेही माहीत आहे. बाकी जे काही लोकांना माहीत आहे, ते — ते मी सांगितलेलं आहे.

ते असं. शेजारच्या गावातल्या लग्नातून आपले कर्णे आणायला आम्ही निघालो होतो. मोटरसायकल बंद पडली. मी म्हटलं, माळ तुडवून जाऊ, लवकर पोचू. आमच्याकडच्या मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. पण मी म्हटलं आणि तो आला. अर्ध्या माळावर तो बसला. उठेना. मी म्हटलं, खांद्यावर घेतो. तर तो हसला आणि म्हणाला, "सुदाम, तू जा. दोघांनी कशाला मरायचं? मायला सांग, मी भ्यालो न्हाई." मी पाण्यासाठी पळालो, पाणी घेऊन परत निघालो, आणि वाटेत लांडगे आडवे आले. म्हणून उशीर झाला.

पहिल्या दिवशी एकच लांडगा होता. कुणीतरी विचारलं, "एका लांडग्याला येवढा भ्यालास व्हय?" — तेव्हा तीन झाले. पुढच्या दिवाळीपर्यंत पाच. गेली बरीच वर्षं ते सातवर ठरलेत, आणि पुढच्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. भरदुपारी लांडगे कसे, असं कुणी म्हटलं तर मी म्हणायचो, पाण्यावाचून तेही हैराणच होते की बाबा! चालून जायचं. माझं काय चालत नाही?

अशोकची आई केरामाय त्या एका वाक्यावर जगत होती. लेकाच्या आठवणीच्या दिवशी, बुद्धवंदना झाली की, ती मला फोटोशेजारी बसवायची. "सांग रं सुदाम, माझं लेकरू काय म्हणलं." मी सांगायचो. माझ्याबरोबर तिचेही ओठ हलायचे. 'मी भ्यालो न्हाई' आलं की ती घरातल्या सगळ्यांकडं एकेक करून बघायची — जणू लेकानं मोठी परीक्षा पास केली होती. लांडगे मात्र ती मोजून घ्यायची. "गेल्या साली पाचच होते की रं!" सगळे हसायचे. तीही हसायची. हे खोटं तिचं पोट भरत होतं, आणि माझंही. मग उघड करून कुणाचं भलं झालं असतं? पाहा, मी पुन्हा सुरू झालो. हे असं होतं माझं.

मग तो पिक्चर आला.

गावात कॉलेजच्या पोरांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर मोठा पिक्चर दाखवायचा ठरला. पोरांना हिंदीतला आणायचा होता, चुकून इंग्रजी आला. बर्फाचा मुलूख, बंद पडलेला ट्रक, पायी निघालेली माणसं, आणि मागावर लांडगे. बोलणं कुणालाच कळेना. लोक उठायला लागले, तेवढ्यात सरपंच ओरडले, "अरे, आपला सुदाम हाय की! त्यानं तर डोळ्यांनी पाह्यलेत लांडगे. घे माइक, सांग काय म्हणायलेत ते."

मला इंग्रजी किती येतं? चेक, माइक, हॅलो. पण माइक हातात आल्यावर मी कधी अडलोय का?

सुरुवातीला तर मजाच मजा. बर्फ पाहून लोकांनी शाली आवळल्या. एक म्हातारी म्हणाली, "येवढ्या गारठ्यात गेलेच कामून? ह्यांच्या बाया कुठं हाईत?" पडद्यावरच्या दाढीवाल्याला मी जिंतूरचा जावई केला, सासुरवाडीला निघालेला, वाट चुकलेला. लांडग्यांचे डोळे पहिल्यांदा चमकले तेव्हा लक्ष्मणआबा "शेळ्या बांधायच्या ऱ्हायल्या!" म्हणत घराकडं पळाले, आणि सगळं मैदान पोट धरून हसलं. लांडगे जवळ आले तसे लोक भिंतीकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघायला लागले. "सुदाम, तुझे बी येवढेच होते का रे?" मी माइकवर सांगितलं, "हे कोकरं हाईत! माझा पुढचा तर वासराएवढा होता." टाळ्या पडल्या. अशोक असता तर त्याच वेळी आवाज बारीक झाला असता.

मग लांडगे ओरडायला लागले. लांब, एकसुरात, एकामागून एक. मी ऐकून गार पडलो. तो आवाज कशासारखा आहे, हे मला एकट्यालाच कळलं.

पडद्यावर एक माणूस झाडाला टेकून बसला होता. पाय मोडलेला. त्याचा सोबती उठून निघाला होता, आणि या बसलेल्यानं त्याची बाही धरली होती. काहीतरी बोलत होता तो. काय बोलत होता? मला एक शब्द कळला नाही — आणि सगळं कळलं. सगळं मैदान माझी वाट बघत होतं. आणि माझ्या तोंडून ते निघालं. दरसाल सांगून गुळगुळीत झालेलं. "तू जा. दोघांनी कशाला मरायचं? मायला सांग, मी भ्यालो न्हाई."

बाया रडायला लागल्या. पुढच्या ओळीत केरामाय बसली होती, तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिच्या शेजारी यमुनाबाई. यमुनाबाई ठार बहिऱ्या. कर्ण्याला कान लावला तरी त्यांना ऐकू जात नाही. त्या नुसता पिक्चर बघत होत्या. आणि बहिरं माणूस बोलतं तसं, गावाला ऐकू जाईल असं त्या बोलल्या —

"अगं बया! थांब थांब म्हणायलंय की ते. बाही सोडंना बघ. आन् ह्यो मुडदा चाललाच की!"

लोक हसले. कुणीतरी त्यांच्यापुढं जाऊन हातानं 'जा'ची खूण करत ओरडलं, "आजी, त्यो जा म्हणायलाय, जा!" यमुनाबाईंनी हात उडवला. "मला काय डोळे न्हाईत?"

केरामाय हसली नाही. तिचे ओठ थांबले होते. ती भिंतीकडं बघत होती, त्या धरलेल्या बाहीकडं. मग तिनं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी माइकवर पुढचं सांगायला लागलो. काय सांगितलं, आठवत नाही. लोक म्हणतात, लय भारी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारावरून जात होतो. दुसरी वाट होती, पण गेलो. तिनं हाक मारली. चहा दिला. मी बशीत ओतला तेव्हा ती सहज विचारावं तसं म्हणाली, "त्या पिच्चरमधलं लेकरू खरंच जा म्हणलं का रं, सुदाम?"

ही वेळ होती. इतकी सोपी वेळ माणसाला दुसऱ्यांदा मिळते का? घरात कुणी नव्हतं. ती स्वतः विचारत होती.

"व्हय माय," मी म्हटलं. "जाच म्हणलं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बरं. तसंच सांगत जाय मग."

त्यानंतरही दरसाल तिनं मला फोटोशेजारी बसवलं. मी सांगायचो. पण तिनं लांडगे मोजले नाहीत पुन्हा कधी, आणि तिचे ओठ हलले नाहीत. ते वाक्य आलं की ती माझ्या बाहीकडं बघायची. मी अर्ध्या बाहीचे शर्ट घालायला लागलो. तरी ती तिथंच बघायची, उघड्या दंडाकडं.

गेल्या हिवाळ्यात केरामाय गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाव जमलं, मांडव माझाच होता. लोक म्हणाले, सुदाम, दोन शब्द बोल, मायलेकाचं सांग. आता ऐकणारी राहिली नव्हती. तिच्यासाठी म्हणून खोटं बोलतो असं म्हणायची सोयही संपली होती. मी माइक घेतला. आणि सातही लांडगे सांगितले, पांढऱ्या ठिपक्यासकट.

आता ते सांगतो.

अशोकनं माझी बाही धरली होती. तो म्हणाला, "सुदाम, थांब. मला एकट्याला सोडून जाऊ नको." पुन्हा तेच म्हणाला. मी म्हटलं पाणी आणतो, आणि त्याची बोटं सोडवली. फार जोर लावावा लागला नाही.

जवळच एक आखाडा होता. शेतातली पत्र्याची खोली, पुढं कडुलिंब, सावलीत पाण्याचा रांजण. माणूस कुणी नव्हतं. मी पोटभर प्यालो. डोक्यावर ओतून घेतलं. तिथली घागर भरली, उचलली, आणि सावलीच्या कडेपर्यंत आलो. पुढं ऊन होतं. पांढरंफेक. मी एक पाय बाहेर टाकला आणि मागं घेतला. भीती वाटली — उन्हाची, त्याच्यासारखं आपणही बसून राहू याची. म्हटलं, जरा कलू दे. आणि घागर शेजारी ठेवून झाडाखाली बसलो.

तिथं त्याची हाक ऐकू येत होती. "सुदाऽऽम." लांब, एकसुरात. मग थांबून पुन्हा. त्याला माहीत होतं मी जवळच आहे. नाहीतर कशाला हाका मारल्या असत्या? मी ओ दिली नाही. ओ दिली तर जावं लागलं असतं. हाका बारीक होत गेल्या. मग एक वेळ अशी आली की हाक आली नाही. आणि मला बरं वाटलं. माझं अंग सैल पडलं. मी डोळे मिटले.

ऊन उतरल्यावर मी उठलो. घागर खांद्यावर घेतली आणि त्याच्याकडं निघालो. वाटेत मला काहीही आडवं आलं नाही.