चाळीस पेट्या आणि तहाचा शेवटचा दिवस

जुमआनकाकाला बातम्यांचं वावडं होतं. गावात कोणी रेडिओ लावला की तो उठून चालू लागे. म्हणे, "बोलणारा तोच, मरणारे तेच. नवीन काय सांगणार?" त्याचं वर्ष फुलांवर चालायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर बाभूळ, पावसात डोंगरावरची काटेरी झुडपं, आणि पाऊस सरला की खालच्या जिरदान खोऱ्यात बोर. बोर महिना-दीड महिना फुलते. तिच्या मधावर माश्या वर्ष काढतात आणि माश्यांवर काका.

मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. सहा वर्षं पगार नाही, म्हणून पिकअपही चालवतो. गॅसच्या टाक्या, शेळ्या, आजारी माणसं, नवऱ्या, जे मिळेल ते. काका मला 'मास्तर' म्हणतो, ते आदरानं म्हणतो असं समजायचं कारण नाही.

युद्धाने देशात दोन सरकारं झाली होती. आमचं गाव पठारावर, वरच्या सरकारात. जिरदान खाली, खालच्या सरकारात. मधे दोघांचे नाके. आता माश्यांची पेटी हलवायची रीत एकच आहे. दिवस मावळला, चरायला गेलेल्या सगळ्या माश्या घरी आल्या, की पेटीच्या तोंडाला कापडाचा बोळा लावायचा आणि अंधारात प्रवास करायचा. पण युद्धात अंधारात हलणाऱ्या दिव्यावर दोन्हीकडून गोळी येते. म्हणून मागच्या वर्षी काका संध्याकाळी बोळे लावून पहाटे निघाला, आणि नाक्यावर भर दुपारपर्यंत अडकला. मेण वितळलं, मध गाडीच्या फळ्यांमधून रस्त्यावर ठिबकला. शंभरातल्या साठ पेट्या जागेवर मेल्या. गाडी माझी नव्हती, हे मी लोकांना आवर्जून सांगतो.

उरल्या चाळीस. काकाच्या बापाने पाळलेल्या माश्यांचा वंश आता या चाळीस पेट्यांतच होता. त्या परत एकदा उन्हात अडकल्या तर पुढच्या वर्षी काकाने नुसतं झाडांकडे बघत बसायचं.

आणि हे वर्ष नेमकं बातम्यांचंच निघालं. जानेवारीत खाली मोठी लढाई झाली. माघार घेणारे जाता जाता सुरुंग पेरून गेले. मग रमजानच्या पहिल्याच दिवशी तह झाला. दोन महिन्यांचा. त्याच आठवड्यात खालचे राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले आणि आठ जणांचं मंडळ आलं. मी मशिदीच्या ओट्यावर ही बातमी सांगितली तेव्हा काका चक्क थांबला.

"आठ जण? मग राणी कोण?"

"सगळेच."

"पोळं उठणार," काका म्हणाला आणि चालू लागला.

पण तह टिकला. जूनमध्ये दोन महिने वाढला, ऑगस्टमध्ये आणखी दोन. प्रवासी विमानं उडाली, तेलाची जहाजं आली, आमच्याकडचा रस्ता फक्त दिवसाउजेडी उघडू लागला. पुढच्या तहात मास्तरांचे पगारही आहेत अशी आवई उठली, आणि मी दोन दिवस दाढी करून हिंडलो. काका आता वाटेत अडवून विचारायचा, "मास्तर, तो तुझा तह काय म्हणतोय?" तह हा माझाच कोणी वाया गेलेला मेहुणा असावा तसा.

काकू म्हणायची, "चाळीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या तब्येतीची इतकी चौकशी कधी केली नाही."

तह संपायचा होता दोन ऑक्टोबरला, संध्याकाळी सातला. वाढेल म्हणणारे होते, नाही म्हणणारे होते. काका मात्र खोऱ्यातल्या ओळखीच्या माणसाच्या फोनची वाट बघत होता. बोर फुलायच्या आधी माश्या तिथे नेल्या तर उपाशी मरतात, आणि वर तर आता गवतही पिवळं पडलं होतं. फोन आला एक तारखेला दुपारी. बोर फुलली!

त्या संध्याकाळी आम्ही चाळीस पेट्यांना बोळे लावले आणि त्या गाडीत रचल्या. पहाटे निघालो. वरचा नाका चहा पिता पिता पार झाला. पुढे तीन किलोमीटर कोणाचाच नसलेला रस्ता. दोन्ही बाजूंना सुरुंगांच्या खुणेचे लाल रंगवलेले दगड होते. त्यांच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. सातला आम्ही खालच्या नाक्यावर होतो. तिथून जिरदान दोन तास.

नाक्यावर शाइफ नावाचा जवान होता. विशीतला, मिसरूड कोवळं, सकाळीच गालात गातच्या, म्हणजे चघळायच्या नशेच्या पानांचा गोळा. त्याने गाडीभोवती फेरी मारली.

"यात काय?"

"माश्या," मी म्हणालो.

"आणि माश्यांखाली?"

"आणखी माश्या."

"आज सगळं उघडून बघायचा हुकूम आहे. साहेब येईपर्यंत थांबा."

साहेब कुठे गेले होते ते साहेबांनाच ठाऊक. आठ वाजले. नऊ वाजले. मागे गाड्यांची रांग लागली. काका हौद्यावर चढून पेट्यांवर पाणी शिंपत होता. दर थोड्या वेळाने तो एका पेटीला कान लावायचा, मग दुसरीला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. दहाच्या सुमारास तो खाली उतरला.

"मास्तर, आवाज बारीक झालाय. मागच्या वेळी असाच झाला होता."

"मी जाऊन विनवतो त्याला."

"मागच्या वेळी मी विनवत बसलो होतो. उतरव पेट्या."

आम्ही दोघांनी चाळीस पेट्या नाक्याच्या पत्र्याच्या शेडशेजारी सावलीत मांडल्या. शाइफ धावत आला. "हाजी, हे काय मांडलंस?"

"तुला उघडून बघायच्यात ना? उघडतो. पण बाळा, एकदा उघडल्या की माश्या चरायला जाणार. दिवस मावळेपर्यंत परत येणार नाहीत. तोवर मी इथून हलत नाही."

"मला दमात घेतोस?"

"तुला नाही. त्यांना हवा देतोय."

आणि त्याने पहिला बोळा ओढला. पुढचा अर्धा तास काय झालं ते मी गाडीच्या काचेआडून पाहिलं, त्यामुळे माझी साक्ष अर्धवट आहे. जवान चिलखती गाडीत घुसले. रांगेतल्या गाड्यांच्या काचा सटासट वर गेल्या. एका शेळीवाल्याने तर शेळीच तोंडापुढे धरली. बाहेर फक्त काका होता, एकेक पेटी उघडत, आणि शाइफ. जागा सोडायचा हुकूम नव्हता म्हणून तो उभा राहिला आणि पापणीवर डंख खाल्ला.

काकाने त्याला सावलीत बसवलं, नखाने काटा खरवडून काढला, वर मध लावला. "चोळू नकोस. गाव कुठलं?"

"वरचंच," शाइफ हळूच म्हणाला. "तुमच्या पठारापलीकडचं. माझ्या आजोबांकडेही होत्या. सहा पेट्या."

"मग तुला हे माहीत पाहिजे होतं, गाढवा."

"हुकूम होता, काका."

सकाळपासून 'हाजी' म्हणणारा पोरगा आता 'काका' म्हणू लागला. पण संध्याकाळ व्हायला अजून सात तास होते आणि तह संपायला आठ. साहेब दुपारी आले, गाडीतून न उतरता पेट्यांकडे बघितलं, आणि ओरडले, "सूर्य मावळायच्या आत ही जत्रा हलवा! सातनंतर मी कोणाला ओळखत नाही!"

सूर्य मावळायच्या आत माश्या परत येत नाहीत, हे साहेबांना सांगायला कोणीच पुढे झालं नाही. मीही नाही.

पाचनंतर त्या परतू लागल्या, पाठीवर पिवळी धूळ घेऊन. लाल दगडांच्या पलीकडे, सुरुंगांच्या रानात, काहीतरी फुललं होतं. जिथे माणूस पाय टाकू शकत नव्हता तिथून त्या पोटभर चरून आल्या. काका एकेका पेटीसमोर उकिडवा बसून तोंड बंद करत होता, मी उचलून गाडीत ठेवत होतो. शाइफही उचलत होता, एक डोळा मिटलेला. रस्ता रिकामा झाला होता. सव्वासहा. रेडिओवर बोलणी चालू असल्याचं सांगत होते. टेकडीवर जवान तोफेवरचं कापड काढत होते.

"चला काका," मी म्हणालो.

"अजून येतायत."

"किती असतील? शंभर? दोनशे? तेवढ्यासाठी आपण मरायचं?"

काकाने आयुष्यात कधी मागे राहिलेल्या माश्या सोडल्या नव्हत्या. बिनघराची माशी रात्र काढत नाही. साडेसहा वाजले. अजून चार-पाच, मग आणखी चार-पाच. शेवटी त्याने एक पेटी उचलली, सगळ्यात भरलेली, आणि परत खाली चार दगडांवर ठेवली. तिचा बोळा काढला.

"उशिरा येणाऱ्या हिच्यात जातील. भरल्या अंगाने आलेल्या परक्या माशीलाही माश्या आत घेतात." मग शाइफकडे वळून, "ही तुझी. पाणी ठेव. मुंग्या चढू देऊ नकोस. आणि हलवायची वेळ आली तर?"

"संध्याकाळी. सगळ्या आत आल्यावर," शाइफ म्हणाला. मग म्हणाला, "काका, मी राखतो. निघा."

पावणेसातला मी गाडी अशी हाकली की काका दर वळणावर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. सात वाजले तेव्हा मी काच खाली करून कान दिला. मागून आवाज आला नाही. तह संपला होता, वाढला नव्हता, आणि तरी कोणी गोळी झाडली नव्हती. एकोणचाळीस पेट्या आम्ही बोरींखाली मांडल्या. सकाळी त्यातली एकही मुकी नव्हती.

रस्त्याचा भरवसा नव्हता, म्हणून मीही मध निघेपर्यंत खोऱ्यातच राहिलो. शाइफचा फोन दर दोन-चार दिवसांनी यायचा. "काका, पेटीच्या तोंडावर गुच्छ करून बसल्यात." "गरम होतंय, सावली दे." "काका, एक मेली, कारण काय?" "म्हातारी असेल. रोज मोजतोस की काय?" काका फोनला वेडावून दाखवायचा, आणि सिग्नल मिळावा म्हणून रोज संध्याकाळी टेकडी चढायचा. नोव्हेंबरच्या अखेरीला फोन बंद झाला. आठ दिवस, मग पंधरा. नाक्याकडे चकमक झाल्याचं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं नुसती बदली. काकाने मला पहिल्यांदाच स्वतःहून रेडिओ लावायला सांगितला. रेडिओवर त्या नाक्याचं नावही नव्हतं.

डिसेंबरात मध काढून आम्ही परत निघालो. नाक्यावर कोणी नव्हतं. पत्र्याची शेड आडवी झाली होती, वाळूची पोती फाटलेली. मी गाडी थांबवायला तयार नव्हतो, काका चालत्या गाडीतून उतरला.

चार दगड जागेवर होते. पेटी नव्हती.

"चोरली असेल," मी म्हणालो. "नाहीतर सरपणाला…"

काकाने हाताने गप्प केलं. तो दगडांजवळ गुडघे टेकून बसला आणि बोटांनी माती चाळली. दगडांच्या फटीत बघितलं. बराच वेळ.

"दिवसा उचलली असती तर चरायला गेलेल्या माश्या इथेच परत आल्या असत्या. दगडाला गुच्छ करून मेल्या असत्या. एकही नाही, मास्तर. बघ."

मी बघितलं. खरंच एकही नव्हती.

"दिवस मावळेपर्यंत थांबला पोरगा," काका म्हणाला. "एवढा वेळ होता त्याच्याकडे."

गाडीत बसल्यावर त्याने फोन काढला आणि पुन्हा तो नंबर लावला. बंद होता. आमच्या घाटापर्यंत तो लावत राहिला.