आधी अंगठा, मग ठराव

‘विकास आराखडा’ हा शब्द कानावर पडला तरी माझं तोंड कडू होतं. आमच्या मुळशीत आराखड्यांचं पीक भाताहून जोरात. पाच वर्षं मी ग्रामपंचायत सदस्य होते, बायकांच्या राखीव जागेवर. आमच्याकडं ग्रामसभेची एक रीत होती. लोक आले की दारातच सह्या-अंगठे घ्यायचे, कारण चहा झाला की माणसं उठून जातात. ठराव मागाहून, सवडीनं लिहायचे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या सभेला कोरम भरेना, म्हणून डोंगरावरच्या कातकरी वाडीतल्या बायांना मीच बोलावलं. वाडीला एकच बारमाही झरा, तेवढंच त्यांचं पाणी. “या, आराखड्यात नळ मागून घेऊ,” मी म्हणाले. बिचाऱ्या मजुरी बुडवून उतरल्या. एकेकीचा अंगठा मी माझ्या हातानं धरून कोऱ्या पानावर टेकवला.

मग हिंजवडीहून आलेला सल्लागार भिंतीवर रंगीत नकाशे दाखवायला लागला. ‘व्हिजन’ काय, ‘कनेक्टिव्हिटी’ काय! एका बाईनं विचारलं, “आमचा झरा कुटं हाय ह्यात?”

“मावशी, हे अजून कन्सेप्ट लेव्हलला आहे,” तो गोड हसून म्हणाला. सगळे खो खो हसले. मीही हसले. शी! त्या हसण्याची अजून किळस येते मला.

दिवाळी झाली आणि डोंगरावर जेसीबी चढला. पर्यटकांसाठी रस्ता करायचा होता. सगळा मुरूम नेमका झऱ्याच्या तोंडावर लोटला मेल्यांनी. मी तणतणत तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे आमच्याच सभेचं इतिवृत्त पुढं सरकवलं. ‘वाडीतील ग्रामस्थांनी पर्यटन रस्त्यास एकमताने संमती दिली.’ खाली ओळीनं निळे अंगठे, आणि सूचक म्हणून माझं नाव. सूचक! चहात साखर कमी आहे, यापलीकडं मी त्या सभेत काही बोलले नव्हते.

“लोकसहभाग उत्तम आहे हो तुमच्या गावाचा,” साहेब म्हणाले. आग लागो त्या लोकसहभागाला!

“हा ठराव नंतर लिहिलाय,” मी ओरडले.

“मग तसं लेखी द्या. कोऱ्या पानावर अंगठे कुणी घेतले, तेही लिहा.” त्यांनी कागद दिला. मी पेन उचललं. सदस्यपद जाईल, गावात नाचक्की होईल, नवरा काय म्हणेल, सगळं डोळ्यांपुढं आलं. पेन खाली ठेवलं आणि गुपचूप घरी आले. स्वतःची जेवढी घाण वाटली, तेवढी मला त्या सल्लागाराचीही वाटली नव्हती.

आठवड्यानं वाडीवर गेले. झऱ्याचं विचारणारी ती बाई खालच्या ओढ्यावरून हंडा घेऊन चढत होती. शिव्या खायची तयारी ठेवूनच मी उभी राहिले. तिनं हंडा उतरवला, दम खाल्ला.

“बाय, आता सभा कवा हाय?” ती म्हणाली. “समद्या येतो. अंगठं देतो. पन पान्याचं तेवढं मांडा आमच्या.”