बावीस इंची पडदा आणि बांगड्याची आमटी

घरातल्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही! माझा ड्रॉवर म्हणजे घाटकोपरच्या आमच्या वाचनालयाची मागची खोली. तिथे मी शनिवार-रविवार मोठ्या माणसांना फुकट कॉम्प्युटर शिकवते.

खोलीत सहा मॉनिटर होते. सगळे जुने, पोट सुटलेले, अर्धं टेबल खाणारे. आम्ही त्यांना ठोकळे म्हणायचो. विद्यार्थी सात. वाचनालयाचे सेक्रेटरी कदमसाहेब एकदा म्हणाले, "दसऱ्याला येऊन मोजणार. दहा डोकी दिसली नाहीत, तर खोली झुंबावाल्यांना!"

मला कारण लगेच सापडलं. ठोकळे! आजच्या जगात पंधरा इंची ठोकळ्यासमोर कोण येऊन बसणार?

*

आमचे ग्रंथपाल सावंतकाका मालवणचे. अकरा वाजता जेवणाचा डबा ठोकळ्यावर ठेवायचे. ठोकळ्याच्या पाठीतून गरम हवा यायची, दीड वाजेपर्यंत भात मस्त ऊन.

मी भडकले. "काका, हे डेंजरस आहे! आणि वीज किती खातो हा, माहितेय?"

"खाऊंदे गो बाय. तो जेवता, मी जेवतंय."

*

तीन नंबरचा ठोकळा मधूनच गुलाबी व्हायचा. त्यावर बसायच्या मंदाताई, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, माझ्या सगळ्यात नियमित विद्यार्थिनी. काकांनी त्यांना उपाय शिकवला होता. डाव्या बाजूला एक सणसणीत थप्पड. "उजवीकडे मारू नको हां, हिरवो होता!"

मग माझ्या ऑफिसने काढून टाकलेले सहा सपाट मॉनिटर मी टेम्पोत घालून आणले. बावीस इंची, झकास! पहिल्याच दिवशी एकाची वायर सैल झाली आणि पडदा काळा. मी पोचायच्या आत मंदाताईंनी सवयीने डावीकडून एक ठेवून दिली.

मॉनिटर पालथा!

"अगं बाई," मंदाताई म्हणाल्या, "याच्या अंगात काही जीवच नाही!"

फुटला नाही, नशीब. मी त्याला उभं करत होते, तर मागे काका हातात डबा घेऊन उभे. "माझो डबो आता खंय ठेवू?"

*

मी सगळ्यांना सांगितलं होतं, दर वर्गाला दहा ओळी मनातलं टाइप करा. मंदाताईंना अक्षर मोठं लागायचं. बावीस इंची पडदा, त्यावर हे एवढं अक्षर. बाहेर पेपर वाचणाऱ्या आजोबांना खुर्चीतून दिसायला लागलं.

मंदाताईंनी लिहिलं, 'सुनेने बांगड्याच्या आमटीत कोकम सोडून टोमॅटो घातला. मी बोलले. ती माहेरी सांताक्रूझला गेली.'

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी एका आजोबांनी त्यांना विचारलं, "काय मंदाताई, टोमॅटो घेणार का?"

वाट लागली! मंदाताई तडक माझ्याकडे. "तुझ्या त्या थेटरच्या पडद्यावर मी अक्षर लिहिणार नाही. ठोकळ्यावर माझं माझ्यापाशी राहायचं." त्या गेल्या, त्यांच्या दोन मैत्रिणीही गेल्या.

उरले चार. दसरा महिन्यावर.

*

सहाही ठोकळे ई-कचऱ्याच्या गाडीत चढवायला काकांना सांगून मी हात झटकले होते. आता कोणत्या तोंडाने विचारणार? तरी काकांना म्हटलं, "काका, गाडीवाल्यांचा नंबर आहे का? सहातला एक तरी परत मिळाला..."

"पाच," काका म्हणाले.

"काय पाच?"

काकांनी मला कपाटांच्या मागे नेलं आणि चादर उचलली. तीन नंबर! कॉम्प्युटरला न जोडता नुसताच चालू करून ठेवलेला. वर डबा. डबा गरम!

*

मंदाताई परत आल्या, मैत्रिणींसकट. ठोकळा कोपऱ्यात, त्यांची पाठ भिंतीला. आता बाहेरून काही म्हणजे काही दिसेना.

पुढच्या शनिवारी बाहेर पेपर वाचणारे पाटकर आजोबा आत आले. वय एकोणऐंशी. "पोरी, शिकायचं असेल तर फॉर्म कुठे मिळतो?"

मी इतकी भारावले की घरी जाऊन आईला भाषण दिलं. या वयात ही जिद्द! त्यांच्यामागोमाग आणखी दोन आजोबा आले. तिघांनाही ठोकळ्याशेजारचीच खुर्ची हवी होती.

*

दसरा. सपाट मॉनिटरवरून झेंडूच्या माळा घसरून घसरून पडत होत्या. शेवटी सगळ्या माळा, हळदकुंकू आणि नारळ, सगळं ठोकळ्याच्या डोक्यावर. पूजा झाली, वर्ग सुरू झाला आणि कदमसाहेब दारात उभे राहून मोजायला लागले. आठ... नऊ... दहा.

त्यांचा विश्वास बसेना. सरळ पाटकर आजोबांपाशी गेले. "काय आजोबा, काय शिकलात आत्तापर्यंत?"

मी डोळे मिटले.

"अजून काही नाही," आजोबा मान न वळवता म्हणाले. "सून परत आली का, तेवढं कळू दे आधी."

मंदाताईंचा कीबोर्ड वाजतच होता. "जरा मागे सरका हो," त्या म्हणाल्या, "लिहू दे की!"

कदमसाहेब ठोकळ्याकडे वळले. पडदा लहान, म्हणून वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाचत राहिले. झेंडूची माळ कानाला लागत होती तरी वाचत राहिले.

मग हळूच माझ्याजवळ आले.

"फॉर्म आहे का गं एखादा?"