दोन डॉक्टर आणि एकच गोळी

बाळांनो, तुमच्या आजोबांना मधुमेह झाला तेव्हा तुमचे बाबा शाळेत जात होते. त्या काळी साखर घरीच तपासायची. रोज सकाळी परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. विटकरी रंग आला तर साखर फार, निळंच राहिलं तर साखर नाही. रंग मी वहीत लिहून ठेवी. एक दिवस चुकला नाही.

औषध गल्लीतल्या डॉक्टरांचं चालू होतं. पायाची जखम भरेना, तेव्हा आजोबा राजारामपुरीतल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नव्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "आता जुन्या बंद ना?"

"अगं, गल्लीतले डॉक्टर रोज दारावरून जातात. गोळ्या घेताय ना, विचारतात. खोटं कसं बोलू?"

"मग मोठ्या डॉक्टरांना जुना कागद दाखवा."

"दुसऱ्याचा कागद पुढं केला की त्यांना अपमान वाटतो."

म्हणजे भिडेपोटी दोन्ही गोळ्या पोटात. त्या दोघा शिकल्यासवरल्या माणसांनीही, आणखी कुणाचं औषध चालू आहे का, एवढं विचारलं नाही.

आजोबा शाळेत मास्तर होते. आठवड्याने ते भर दुपारी शाळेतून घरी आले ते घामाने निथळत. पायरीवर बसले आणि मलाच विचारू लागले, "बाई, हे घर कुणाचं?" शेजारच्या भाभी धावत आल्या. म्हणाल्या, "साखर वाढलीया वहिनी. गोड काय देऊ नका की."

मी त्यांचं ऐकणारच होते. पण नळी तीन दिवस निळीच राहिली होती. साखर वाढेल कुठून? उलट फार उतरली असणार. आमच्या घरातून गूळ केव्हाच हद्दपार झाला होता. मी सांगितलं तेव्हा भाभींनीच त्यांच्या घरून ढेकूळ आणलं. गुळाचं पाणी घोटघोट पाजलं. पंधरा मिनिटांनी आजोबा म्हणाले, "शाळा सुटली का?"

ते सावरल्यावर मी दोन्ही पाकिटं खिडकीशी नेली. नावं वेगळी. पण खाली बारीक इंग्रजी अक्षरांत औषध एकच. माझं इंग्रजी त्या दिवशी कामाला आलं. तीन दिवस आधी वाचलं असतं तर? हा राग माझा माझ्यावर आहे, तो तसाच राहू दे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन, आजोबांना रिक्षात घालून मी आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले आणि दोन्ही पाकिटं पुढं ठेवली. ते म्हणाले, "विश्वास नव्हता तर सांगायचं होतं, वहिनी." कंपाउंडरने सूर धरला, "एवढं काय झालंय वो? जित्ते हायत की."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. "डॉक्टर, तुमची गोळी चालू ठेवायची की बंद, ते या पानावर लिहा. खाली राजारामपुरीचे डॉक्टर लिहितील. यापुढे दोघांनी एकाच वहीत लिहायचं."

त्यांनी 'बंद' लिहिलं. तिथून राजारामपुरीला गेलो. मोठे डॉक्टर मात्र म्हणाले, "मी दुसऱ्यांच्या खाली लिहीत नाही."

"मग वर लिहा. वर जागा सोडली आहे."

त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर माणसं ताटकळत होती. मी उठले नाही. शेवटी त्यांनी माझ्या रंगांच्या नोंदी आणि दुसऱ्या डॉक्टरांचं लिहिणं वाचलं, असं बहुधा पहिल्यांदाच, आणि स्वतःचीही गोळी अर्ध्यावर आणली.

जिना उतरताना आजोबा हळूच म्हणाले, "दोघांनाही वाईट वाटलं असणार गं."

मी वही त्यांच्या हातात कोंबली आणि रिक्षाला हात केला.