हात मागे

"हात मागे घे गो," असं मला सांगून समोरचे आजोबा आधी स्वतःचेच हात पाठीमागे घ्यायचे. उजवा हात उष्टा असायचा, म्हणून त्यांच्या सगळ्या बनियनला मागून आमटीचे डाग. तुम्ही बघितलं असतं तर तुम्ही पण हसला असता.

चारकोपला आमची खोली आणि त्यांची खोली समोरासमोर, मध्ये दोन माणसं जेमतेम जातील एवढी जागा. बायको गेल्यापासून ते एकटेच. मुलगा विरारला, कधीतरी यायचा. दुपारी दार उघडं टाकून उंबऱ्याजवळ ताट घेऊन बसायचे. म्हणायचे, "भिंतीकडे बघून घास उतरणा नाय."

मी तेव्हा नुसती घाबरलेली. नवरा सकाळी गाळ्यावर गेला की रात्रीच यायचा, आई गावाला, आणि छकुली सहा महिन्यांची झाली, बसायला लागली, तर दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या आता वरचं सुरू कर. मी नववी शिकलेली, मला काय कळतंय. मी सगळं मिक्सरला फिरवून पार पाणी करायची, आणि चमचा नेला की ही तोंड घट्ट मिटायची, मान फिरवायची, मग ती रडायची आणि मी पण रडायची. खात नाही म्हणून भीती, आणि खाल्लं तर घशात अडकेल म्हणून पण भीती.

एकदा ती माझ्या मांडीवरून आजोबांच्या ताटाकडेच झेपावली. त्यांना दात नव्हते, त्यामुळे त्यांचं सगळं मऊच. त्यांनी आत जाऊन बिनमिठाची, लाल भोपळ्याची उकडलेली फोड आणली, बोटाएवढी, आणि तिच्यापुढे ठेवली. "घ्या पावणे. आमका दोघांक पण दात नाय."

तिने ती मुठीत दाबली, कानाला लावली, केसात घातली. मी पुसायला गेले.

"तू जेवतंस तेव्हा मी येतंय काय तुझा तोंड पुसूक?"

"अहो आजोबा, पण सगळं अंगावरच जातंय ना."

"जाऊ दी. आज केसांनी जेवली."

मग रोज तसंच. दुपारी एका उंबऱ्यावर ते, एका उंबऱ्यावर ही. ते घास घेणार, ही बघणार, मग हिचा हात हिच्या ताटात.

एका दुपारी बटाट्याचा तुकडा आत गेला आणि तिला ठसकाच लागला, तोंड लाल, डोळ्यात पाणी. मी ओरडून बोट घालायलाच निघाले.

"हात मागे घे! आवाज येताहा मां, खोकताहा. बोट घातलंस तर आत जायत."

मी कशी थांबले मलाच माहीत नाही. ती खोकली, तुकडा बाहेर पडला, आणि तिने तोच उचलून परत तोंडात घातला. आजोबा पाणी आणायला उठले, वळले, तेव्हा मला त्यांचे हात दिसले. पाठीमागे एकमेकांना गच्च धरलेले, नखं रुतेपर्यंत.

"आजोबा, तुम्ही पण घाबरलात?"

"मगे? म्हणून तर धरून ठेवतंय."

पाणी देताना म्हणाले, "तुझा ताट खंय असता? कधी दिसला नाय." मी म्हटलं, नंतर खाते, ओट्यापाशी, उभ्या उभ्या.

नंतर ते मोरीत पडले. मुलगा येऊन विरारला घेऊन गेला. रिक्षात बसताना छकुलीकडे बघून म्हणाले, "पावणे, जेवान घ्या," आणि गेले. थोड्याच दिवसांनी मुलगा सामान न्यायला आला, तेव्हा कळलं की आजोबा वारले.

त्या दुपारी मी तिच्यापुढे भोपळा ठेवला. ती समोरच्या कुलपाकडे बघत राहिली. मी बोलले, टाळ्या वाजवल्या, हात लावला नाही तिने. चमचा आणायला उठले, आणि मग चमचा नाही, माझं ताट वाढून घेतलं. पलीकडे त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, बंद दाराला पाठ लावून. पहिला घास घेतला. तो उतरता उतरत नव्हता, पण ती बघत होती, म्हणून गिळला.

तिने फोड उचलली. मी हात मागे घेतले, उष्ट्या हातासकट.