चिंचेखालची बंद गाडी

खून आणि दरोडे मी पुष्कळ पाहिले. त्यांचे कागद कोर्टात जमा झाले, तसे ते माझ्या डोक्यातूनही उतरले. पण जिथे रक्ताचा थेंब सांडला नाही असं एक प्रकरण निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी माझी पाठ सोडत नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी फौजदार म्हणून मिरा-भाईंदरच्या बाजूला नुकताच बदलून आलो होतो. आज इमारती मोजता येत नाहीत, तिथे तेव्हा मिठागरं आणि भातशेती होती. आमच्या पोलीस ठाण्याला एक जीप होती. ती आमच्याकडे कमी आणि फिटरकडे जास्त असायची.

एके सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. सत्तरीकडे झुकलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. उत्तनचा ख्रिस्ती गृहस्थ. मुंबईत एका शेठकडे त्याने तीस वर्षं ड्रायव्हरकी केली होती आणि नोकरी सोडताना शेठने आपली जुनी गाडी त्याला देऊन टाकली होती. नाव लिहीत नाही, बाबा म्हणतो.

"साहेब, माझी गाडी चालते!" बाबा म्हणाला.

आमचे हवालदार तोंडाळ. "चोरीची फिर्याद घेतो आम्ही, बाबा. गाडी चालते याची कुठल्या कलमाखाली घेऊ?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. ती हिरवी गाडी म्हणजे गावाचा मान होता. उत्तनमधल्या कितीतरी नवऱ्या मुली तीत बसून लग्नाला चर्चमध्ये गेल्या. लांब झग्यात चढता-उतरताना मुलींची तारांबळ व्हायची, म्हणून बाबाने आतल्या छताला धरायला एक पितळी कडी मारली होती. पुढे इंजिनाचा ब्लॉक तडकला. तीन वर्षं गाडी अंगणात चिंचेखाली उभी राहिली, कोंबड्या तीत अंडी घालू लागल्या. त्यातच बाबाच्या बायकोचे पाय गेले. ओटीवरच्या खाटेवरून तिला दिवसभर ती गाडीच समोर दिसायची. "ही चालू झाली की मला एकदा चर्चला घेऊन जा," एवढंच ती म्हणायची. चार महिन्यांपूर्वी तिच्या औषधपाण्यासाठी बाबाने तीच गाडी रोख पैसे घेऊन विकली होती.

आणि काल काशीमिऱ्याच्या नाक्यावर एसटीची वाट पाहत असताना त्याला ती दिसली. तोच रंग, तोच नंबर, झोकात वसईकडे निघाली होती.

"कोणीतरी चांगला मेस्त्री भेटला असल तिला," तो म्हणाला. "मला नवीन मालकाचा पत्ता काढून द्या साहेब. हात जोडीन त्याला. माझ्या बाईला एक डाव बसवायची हाय, बस. मी काल घरी जाऊन सांगलोय तिला, आपली गाडी चालते. रातभर झोपली न्हाय ती."

मला त्याच्या आनंदाचा हेवा वाटला. पण पोलिसाचा कान वाईट. मी विचारलं, "घेतली कुणी?"

"काशीगावचा भंगारवाला. दारात आला, बोलला, चालू-बंद कशीपण दे, पैसे हातावर. नुस्त्या गाडीचे इतके, आणि गाडीचं बुक देऊन सही केलीस तर दुप्पट."

इथे मी पेन खाली ठेवलं. भंगारवाला लोखंड वजनावर घेतो. त्याला गाडीपेक्षा तिच्या नोंदणीचं पुस्तक महाग का वाटावं? जीपच्या फिटरला विचारलं, तर तो हसला. तडकलेल्या ब्लॉकमागे एवढा खर्च शहाणा माणूस करत नाही म्हणाला. मी हायवेला दोन शिपाई उभे केले आणि नंबर सांगून ठेवला.

तिसऱ्या दिवशी गाडी अडकली. चालवणारा एक व्यापारी होता आणि तो चिडलेला होता. त्याने रोख मोजून गाडी घेतली होती आणि कागद चोख होते. पुस्तकावर बाबाचं नाव होतं, विक्रीच्या कागदावर त्याचीच सही होती. हवालदार मला कानात म्हणाले, "साहेब, सोडून द्या. उगाच अंगाशी येईल."

मी बाबाला बोलावणं पाठवलं. तो धुतलेला सदरा घालून, केस चापून बसवून आला. लग्नाच्या वरातीत आल्यासारखा गाडीभोवती फिरला, बॉनेटवरून हात फिरवला. मग मागचं दार उघडून आत बसला आणि छत चाचपू लागला. बराच वेळ त्याचा हात वर फिरत राहिला. कडी कुणी काढली तरी स्क्रूची भोकं राहतात. तिथे भोकं नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा एकाएकी फार म्हातारा दिसत होता.

"साहेब, ही आमची न्हाय."

माझ्या तपासाचा तो सर्वांत मोठा क्षण आणि त्याच्या आयुष्यातला तितकाच वाईट. मला आत कुठेतरी आनंदच झाला होता, हे आज लिहायला लाज वाटते.

त्यानंतर फार डोकं लढवावं लागलं नाही. चेसिसवरचा नंबर कानस मारून घासल्याच्या खुणा मिळाल्या. काशीगावच्या वखारीत मी पंचांना घेऊन गेलो. भंगारवाला आधी आवाज चढवून बोलला. "बंद गाडी घेतली, चालू केली, विकली. यात गुन्हा काय झाला साहेब?"

मी एकच विचारलं, "चालू कुठल्या मेस्त्रीने केली?"

त्याने एक नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तर दुसरं सांगितलं. खोटं बोलणाऱ्याला दटावण्यापेक्षा तोच प्रश्न शांतपणे परत विचारावा, हे मी नोकरीत लवकर शिकलो. एवढ्यात शिपायाने पितळेच्या ढिगातून एक कडी काढून आणली. मी ती त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, "पानी मंगाओ साब, बोलतो."

मुंबईत त्याच बनावटीची गाडी चोरायची, मेलेल्या गाडीचा रंग, नंबर आणि पुस्तक तिला चढवायचं, हा धंदा. तेव्हा रस्त्यावर गाड्यांचे मोजून दोन-तीन प्रकार होते, त्यामुळे जमून जायचं. बाबाची गाडी त्याने पहिल्याच आठवड्यात तोडून वितळवायला पाठवली होती.

पुरवणी जबाब घ्यायला मी उत्तनला गेलो. बाबा पायरीवर आडवा आला आणि हळूच म्हणाला, "तिला सांगलो न्हाय अजून." मी आत गेलो. चिंचेखाली रिकामा चौकोन होता, गवत न उगवलेला. बाई खाटेवर बसली होती, माझ्या वर्दीकडे बघत.

"साहेब, आमची गाडी चालते म्हणतो हा. खरा हाय?"

बाबा तिच्या मागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. मी उभ्या नोकरीत कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. पण त्या ओटीवर म्हणालो, "हो बाई. मी स्वतः पाहिली. छान चालते."

तिचा चेहरा उजळला. "बघ, मी बोलत होती ना, तिच्यात जीव हाय!" मग हळूहळू ते हसू गेलं आणि तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "मग चालती गाडी विकलीस का रे? मला न नेता?"

माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसलो. एका वाक्यात मी तिला आनंद दिला आणि त्याला गुन्हेगार केलं. खरं सांगायला तोंड उघडलं, तोच बाबाने नकारार्थी मान हलवली. तिला म्हणाला, "चुकलो मी." मी जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि निघालो.

खटला ठाण्याच्या कोर्टात उभा राहायला वर्ष गेलं. बाबाने न अडखळता साक्ष दिली. भंगारवाल्याला शिक्षा झाली, मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी बाईंची चौकशी केली. पावसाळ्यात गेली, तो म्हणाला.

"तुम्ही खरं सांगितलंत ना शेवटी?" मी विचारलं. मला ते हवं होतं, माझ्यासाठी.

"न्हाय साहेब. शेवटपरत बोलायची, चालती गाडी विकलीस. शिव्या पण दिल्या." तो थोडा हसला. "कोणी आजारी बाई भेटाया आली का तिला सांगायची, माझी गाडी हायवेला फिरते. ती फिरती ऱ्हावी म्हणून मी शिव्या खाल्ल्या. काय जाते माझं?"

आरोपीला बोलतं कसं करायचं, ते मी पुढे अनेक फौजदारांना शिकवलं. खोटं बोलू नका, असंही शिकवलं, आणि त्याचं कारण म्हणून हीच हकीकत सांगितली. आपण दया म्हणून बोललेलं खोटं दुसऱ्याला निस्तरावं लागतं. पण सांगून झालं की मला दरवेळी तो माणूस पायऱ्या उतरताना दिसतो, आणि त्या ओटीवर मी पुन्हा उभा राहिलो तर काय बोलेन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.