तिनं जागा सोडली नाही

मृण्मयीचा फोन आला तेव्हा मी डब्लिनमध्ये, बॉल्सब्रिजच्या ऑफिसात एका मीटिंगमधून बाहेर पडत होते. तिचं नाव दिसल्याबरोबर मी फोन उचलण्याआधीच जिन्याकडे चालू लागले. कित्येक दिवस तिचा प्रत्येक फोन मी जिन्यातच घेत होते. "मावशी, शी'ज गॉन," ती म्हणाली. मागे कुणीतरी तिला चहा हवा का म्हणून विचारलं असावं. "नो, आय'म ग्रँड, थँक्स," असं तिनं त्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं... आणि ते 'ग्रँड' ऐकून मी पायरीवर बसले. या देशात माणसावर काहीही कोसळलेलं असो, ते ग्रँडच असतं, म्हणजे एकदम ठीक.

मृण्मयीची आई, माझी मैत्रीण कल्पना, कॉर्क शहरातल्या हॉस्पिसमध्ये वारली. त्याच आठवड्यात मी तिला भेटून आले होते. ती फारशी बोलत नव्हती. कोण कोण तिची आठवण काढतंय ते मी सांगत बसले होते, पोकळी भरायला बोलतात तसं. मध्येच ती डोळे मिटूनच म्हणाली, "सुषमा, दमलीस तू. जा आता, बस चुकेल." तिच्या अंथरुणापाशी बसून दमलेली मीच ठरले.

आता काही आठवडे गेले आहेत. ओंगार या आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळींनी तिच्यासाठी एका घरी जमून दिवा लावला, फोटोला हार घातला. तिथं एक बाई मला बाजूला घेऊन, अगदी कळवळ्यानं, म्हणाल्या, "पोरीला मागे ठेवून गेली हो शिकायला. आणि शेवटी मिळालं काय?" मी फोटोवरचा हार सारखा करायला वळले. पण घडलं ते निदान सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे.

कल्पना अमरावतीची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. नवऱ्याच्या नोकरीमागे ती इकडे डब्लिनला आली. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच होती, त्यामुळे ओळख आधी आवाजांची झाली. तिच्या कुकरच्या शिट्ट्या, माझा मिक्सर. काही वर्षांनी नवरा दुसऱ्या देशात गेला, आधी थोड्या महिन्यांसाठी म्हणून. पुढे त्याचे फोन बंद झाले आणि वकिलाची पत्रं सुरू झाली. ते घर परवडेना म्हणून कल्पना मृण्मयीला घेऊन याच वस्तीत मागच्या बाजूला, एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालण्याचं, भरवण्याचं काम धरलं.

तिथं एक आजोबा होते. मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांची वाचा गेली होती. त्यांना बोलायला शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट यायची आणि कल्पना भरवण्याचं निमित्त काढून तिथंच घुटमळायची. थेरपिस्ट गेल्यावर तेच व्यायाम ती त्यांच्याकडून करून घ्यायची. ओठ मिटा, हवा सोडा, 'प' म्हणा. एका संध्याकाळी ती कोट न काढताच माझ्या दारात उभी राहिली. "सुषमा, आज माझं नाव घेतलं गं त्यांनी. कोपना म्हणाले. ल नाही आला." ती हसत होती आणि नाकही पुसत होती. मग म्हणाली, "मला हे शिकायचंय." मी फीचं काय, असं विचारलं. "ते बघू. आधी मला कुणी घेतं का ते बघू."

वाट सापडली ती मृण्मयीमुळेच. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला आर्किटेक्चर करायचं होतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना कॉलेजं जोडून देणाऱ्या एका योजनेची माहिती तिला शाळेतल्या बाईंनी दिली होती. विद्यार्थ्यानं आपल्या पसंतीची कॉलेजं क्रमानं कळवायची, कॉलेजांनी आपल्या पसंतीचे विद्यार्थी. दोन्हीकडून जुळलं तर फी आणि राहण्याचा खर्च योजनेचा. नाही जुळलं तर आपण मोकळे. मृण्मयीनं ते सगळं आईला समजावून सांगितलं आणि कल्पनाला त्यात एक ओळ दिसली, की मोठ्या वयाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. "मग मीही करते," ती म्हणाली. मृण्मयीला आधी गंमत वाटली. "वुई'ल बी लाइक सिस्टर्स," असं तिनं मला सांगितलं होतं.

गंमत लवकरच संपली. गरीब असणं एकवेळ सोपं, ते सिद्ध करणं फार दमवणारं असतं. पगाराच्या पावत्या, घरमालकाचं पत्र, नवरा काही पाठवत नाही याचा पुरावा. जो माणूस काही पाठवतच नाही, त्यानं काही पाठवलं नाही याचा पुरावा कुठून आणायचा? कल्पना कामावरून यायची, भात लावायची आणि पुन्हा कुठल्या तरी कचेरीला फोन लावून, कुणी उचलेपर्यंत वाजणारं संगीत ऐकत बसायची. ते संगीत लागलेलं असतानाच बसल्या बसल्या तिला डुलकी लागलेली मी पाहिली आहे. त्यात दोघींनाही आपल्या परिस्थितीवर निबंध लिहायचा होता. एकाच घरावर, एकाच माणसावर, दोन निबंध. इंग्रजी तपासायला दोन्ही माझ्याकडे आले. मृण्मयीनं आईच्या दमण्याबद्दल लिहिलं होतं. जिन्यावरून येणारी तिची पावलं ऐकूनच आज कसा दिवस गेला ते कळतं, असं. कल्पनाच्या निबंधात दमणं नव्हतंच. त्यात आजोबा होते, 'प' होता, आणि नवऱ्याबद्दल एकच वाक्य होतं. योजनेच्या सल्लागार बाईंनी तिला फोनवर सुचवलं, अडचणींबद्दल थोडं अजून लिहा. कल्पना त्यांना हो हो म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली. "काहून? मला शिकवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. रडायला कशाला लावतात?" तिनं एक अक्षरही वाढवलं नाही.

निकालाच्या दिवशी दोघींनी मला बोलावून घेतलं होतं. दुपार होती. शेगडीवर वरण उकळत होतं. मृण्मयीनं आधी आपला ईमेल उघडला, वाचला आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "नॉट मॅच्ड." कल्पनानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं आपला फोन पाहिला. तिचा चेहरा पाहून मला कळलं, मृण्मयीलाही कळलं.

"आई, शो मी."

कल्पनानं फोन तिच्या हातात दिला. कॉर्कमधल्या कॉलेजानं तिला घेतलं होतं. स्पीच थेरपी, चार वर्षं. मृण्मयीनं तो ईमेल वरपासून वाचला, मग म्हणाली, "फेअर प्ले टू यू." ही इकडची शाबासकी. आणि फोन परत देत, "यू'ल गो, सो?"

इथं थोडं सांगायला हवं. कल्पनानं नाही म्हटलं असतं म्हणून तिची जागा मृण्मयीला मिळाली नसती. पण तिनं नोकरी धरून ठेवली असती, तर त्या पगारावर मृण्मयीला योजनेशिवाय, कसंबसं, त्याच वर्षी कॉलेजात जाता आलं असतं. हे आम्हां तिघींनाही ठाऊक होतं. मी वाट बघत होते की आता कल्पना 'छे गं' म्हणेल. आम्ही सगळ्या अशाच आयांच्या हाताखाली वाढलो, ज्या अशा वेळी 'छे गं' म्हणतात. कल्पनानं शेगडी बारीक केली. वरण ढवळलं.

"हो," ती म्हणाली. "जाईन मी. तुला राग येईल, बेटा. येऊ दे."

मृण्मयी खाली निघून गेली आणि दार आपटल्याचा आवाज आला. कल्पना ओट्याला धरून उभी राहिली... आणि मग पानं घेतली. तिन्ही.

पुढचे काही महिने वस्तीत हाच विषय होता. गणपतीच्या आरतीनंतर एकजण प्रसादाची वाटी हातात घेऊन तिला म्हणालेच, "वहिनी, लेकीसाठी नसती का सोडता आली जागा?" कल्पना शांतपणे म्हणाली, "ती काय बसमधली सीट आहे, उठून द्यायला?" ते हसले. ती हसली नाही.

मृण्मयी एक वर्ष आमच्याकडे राहिली, वरच्या छोट्या खोलीत. दिवसा एका कॅफेत काम करायची. कल्पनाला कॉर्कच्या बसवर सोडायला मी गेले होते, मृण्मयी आली नव्हती. बस लागायला वेळ होता. कल्पना एकदम म्हणाली, "माझ्या आईनं माझ्यासाठी सगळं सोडलं गं. आयुष्यभर मला ते ऐकवलं नाही तिनं, एकदासुद्धा नाही. पण मला ते ऐकू येत राहिलं. मृण्मयीला माझा राग येऊ दे. ओझं नको." मी तिची पिशवी वर ठेवली.

दर शुक्रवारी ती परत यायची, कारण शनिवार-रविवार नर्सिंग होममध्ये काम सुरूच होतं. आमच्या स्वयंपाकघरात मायलेकी समोरासमोर बसायच्या आणि माझ्याशी बोलायच्या. "मावशी, टेल हर देअर्स डिनर इन द फ्रिज." "सुषमा, तिला विचार, जॅकेट घेतलंस का." मधल्या मध्ये मी अगदी थकून जायचे. कोंडी फुटली ती पुन्हा अर्जाची वेळ आली तेव्हा. मृण्मयीनं नवा निबंध लिहिला आणि एका शुक्रवारी, माझ्याकडे न देता, आईच्या ताटाशेजारी ठेवला. त्यात लिहिलं होतं की माझी आई कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि मला तिचा अजून राग आहे. कल्पना जेवता जेवता वाचत होती. शेवटी म्हणाली, "इथं स्वल्पविराम हवा." "नो, इट डझन्ट." "अगं, हवा." त्या स्वल्पविरामावरून दोघी इतक्या भांडल्या की मी माझं ताट घेऊन बाहेर टीव्हीसमोर जाऊन बसले. फार बरं वाटलं मला त्या रात्री.

त्या वर्षी मृण्मयीचं जुळलं. डब्लिनमध्येच, आर्किटेक्चरला.

तिसऱ्या वर्षी कल्पना फार थकायला लागली. पण ती कधी थकलेली नव्हती? आठवडाभर कॉलेज, हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, शनिवार-रविवार नोकरी. आम्ही म्हणायचो, झोप काढ. ती म्हणायची, परीक्षा झाली की. डॉक्टरकडे जाईपर्यंत आजार पोटात सगळीकडे पसरलेला होता. मृण्मयी ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन ट्रेननं कॉर्कला जायची आणि आईच्या खाटेच्या पायाशी बसून काम करायची. एकदा परतताना मी तिला विचारलं, अजून राग आहे का गं? तिनं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "इफ शी'ड स्टेड, आय'ड हॅव हेटेड इट. बट आय हेटेड हर गोइंग ॲज वेल. बोथ, लाइक." मग डोकं माझ्या खांद्यावर टेकून झोपली.

कल्पनाला पदवी मिळाली नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या परीक्षेला बसता येईल का, असं ती डॉक्टरांना विचारत राहिली, मग विचारायची थांबली. तिच्या वर्गातल्या मुली, तिच्या लेकीच्या वयाच्या, हॉस्पिसमध्ये येऊन तिला कॉलेजमधल्या भानगडी सांगायच्या. तेव्हा ती डोळे उघडायची. माझ्यासाठी नाही उघडले तेवढे.

मागच्या शनिवारी मी आणि मृण्मयी तिची कॉर्कमधली खोली रिकामी करायला गेलो. एका आयरिश बाईंच्या घरातली मागची खोली. पुस्तकं, दोन स्वेटर, लोणच्याची बरणी. टेबलावरच्या भिंतीत एक छोटा आरसा ठोकलेला होता, फार खाली, कल्पनाच्या उंचीला. घरमालकीण बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की ती रोज सकाळी त्यात बघून आवाज काढायची, एकेक अक्षर, ओठ कसे होतात ते बघत. "आय मिस द रॅकेट," त्या म्हणाल्या. हा गोंधळ नसला की घर सुनं वाटतं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असावं.

मृण्मयी आईपेक्षा चांगलीच उंच आहे. ती आरशासमोर उभी राहिली तर तिला स्वतःची हनुवटी आणि ओठ एवढंच दिसत होतं. ती तशीच उभी राहिली. मग तिनं ओठ मिटले आणि हवा सोडली, हळूच, एकदाच. प.

आरसा काढून देऊ का, असं बाईंनी विचारलं. "राहू दे," मृण्मयी म्हणाली, त्यांना न कळणाऱ्या भाषेत, आणि मीच मग ते इंग्रजीत सांगितलं. सप्टेंबरात त्या खोलीत दुसरी कुणी मुलगी येईल. तिला वाकून बघावं लागेल.